फर्म सोडताना: फाइल कोणाची, अशील कोणाचा

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

"मी ३४ वर्षांची असून येथील एका वकिली फर्ममध्ये नऊ वर्षांपासून काम करते. व्यापारी वाद, वसुलीचे दावे आणि लवादाची प्रकरणे माझ्याकडे असतात. दरमहा ९०,००० रुपये मिळतात. यजमान बँकेत आहेत, घरकर्जाचा हप्ता ३४,००० रुपये आहे, मुलगी पाच वर्षांची आहे आणि माझी शिल्लक साधारण सहा लाख रुपये आहे. स्वतंत्र वकिली करावी असे दोन वर्षांपासून मनात आहे. पीथमपूरच्या एका कारखानदारांनी 'मॅडम, तुम्ही निघालात की आमची सगळी कामे तुमच्याकडे' असे दोनदा सांगितले आहे. करारात मात्र तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेची आणि फर्म सोडल्यावर दोन वर्षे फर्मच्या अशिलांचे काम न घेण्याची अट आहे. सरांनी मला हाताला धरून शिकवले. त्यांना हे कसे आणि कधी सांगावे, ते सुचत नाही. माझे चुलत दीर सी.ए. आहेत; ते अशील पाठवायला तयार आहेत, पण फीमध्ये चौथा हिस्सा मागतात. सुदामा नगरातील घराची पुढची खोली सासरे ऑफिससाठी देतो म्हणतात. मी निघावे की नाही?"

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात प्रश्न पाच-सहा दिसतात, पण त्या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: अशील कोणाचा? करारातील अट लिहिणाऱ्याने तो फर्मचा मानला आहे. कारखानदारांच्या शब्दांनी तो तुम्हाला आपला वाटू लागला आहे. तुमच्या दिरांच्या हिशेबात तो पाठवण्याची आणि त्यावर हिस्सा घेण्याची वस्तू झाला आहे. आपल्या व्यवसायाच्या नियमांत यांपैकी एकाही समजुतीला जागा नाही. अशील स्वतःचा मालक असतो. आज त्याला एक वकील हवा असेल, उद्या दुसरा, आणि तो बदलण्याचा अधिकार शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहतो. ही गोष्ट मनात नीट बसली की तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात. निघावे की नाही, याचे माझे उत्तर आधीच सांगते: निघावे, पण आज नव्हे, साधारण नऊ महिन्यांनी, आणि तोपर्यंत काही कामे उरकून.

प्रथम करारातील अटीविषयी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली एका प्रकरणात नोकरी चालू असतानाचा निर्बंध वैध धरला होता. करार संपल्यानंतरचा निर्बंध मात्र कलम २७ समोर टिकत नाही, हे क्रिकेटपटू झहीर खान यांच्या २००६ च्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. तेव्हा "दोन वर्षे अमुक अशिलांचे काम घ्यायचे नाही" या वाक्याने तुमची झोप उडण्याचे कारण नाही. तीन महिन्यांची पूर्वसूचना आणि गोपनीयता या अटी मात्र पूर्णपणे बंधनकारक आहेत आणि त्या तुम्ही अक्षरशः पाळाव्यात. अशिलांना आपण होऊन गाठण्यावर बंदी घालणाऱ्या अटींकडे न्यायालयांनी नेहमी एकाच नजरेने पाहिलेले नाही. पण तुमच्या बाबतीत त्या वादात शिरण्याची गरजच नाही, कारण करार काहीही म्हणो, भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे कोणत्याही वकिलाला काम मागत फिरण्याची, जाहिरात करण्याची किंवा मध्यस्थामार्फत अशील मिळवण्याची मुळातच मनाई आहे. फर्ममधील अशिलांची यादी काढून "मी आता स्वतंत्र झाले आहे" असे संदेश धाडणे हा सनदेवरचा, म्हणजे वकिलीच्या परवान्यावरचाच, धोका आहे, मग करारात ती अट असो वा नसो.

आता ते कारखानदार. त्यांनी जे म्हटले ते मनापासूनच म्हटले असेल. परंतु तुम्ही पत्रात त्या वाक्यानंतर लगेच शिलकीचा आकडा लिहिला आहे, आणि त्यावरून मला वाटते की मनातल्या मनात तुम्ही त्यांची फी जमेला धरली आहे. ती धरू नका. कारखान्याचे वकील ठरवण्यात मालकाबरोबर हिशेबनीस असतो, भागीदार असतो, कर्ज देणारी बँक असते. फर्मच्या नावावर त्यांचा विश्वास किती आणि तुमच्यावर किती, हे त्यांनाही अजून कळलेले नाही. तुम्ही निघाल्यावर, एखाद्या तातडीच्या मनाईहुकुमाच्या दिवशी ते कोणाला फोन करतात, त्यावरून कळेल. ते आले तर आनंदाने काम घ्या. न आले तर त्यांनी शब्द मोडला असे समजू नका, कारण तो शब्द त्यांना कधीही बदलता येण्यासारखाच होता. नोटीसकाळात त्यांनी पुन्हा विचारले, तर एवढेच सांगा की आज मी फर्मची आहे, निघाल्याची गोष्ट फर्मकडून तुम्हाला कळेल, आणि पुढे वकील कोणता नेमायचा हे तुम्ही ठरवाल.

दिरांच्या प्रस्तावाला मात्र तुम्ही सरळ नकार द्यावा. वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर फीची वाटणी करणे किंवा तशा वाटणीची भागीदारी करणे वकिलाला नियमाने निषिद्ध आहे. "सल्लागार शुल्क", "ऑफिसचे भाडे", "सणाची भेट" अशा कोणत्याही नावाने तो चौथा हिस्सा दिला तरी त्याचा अर्थ बदलत नाही. येथे मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्या शहरात व्यापारी आणि सी.ए. यांचे नाते फार जवळचे आहे, अनेक कुटुंबांत पहिला सल्ला त्यांचाच घेतला जातो, आणि तरुण वकिलांना ही वाट सोपी वाटते. जो अशील हिस्सा देऊन मिळाला, त्याच्याशी खरे बोलणे कठीण होते. दावा कमकुवत आहे, तडजोड करा, असे सांगण्याची वेळ आली की ज्याने अशील पाठवला त्याचा चेहरा आधी डोळ्यांसमोर येतो. दिरांना दुखवायचे नसेल तर मोकळेपणाने सांगा की भाऊजी, यात माझी सनद जाऊ शकते. त्यांच्या स्वतःच्या व्यवसायालाही कडक नियम आहेत. ते समजून घेतील. त्यांनी कोणाला विश्वासाने, काही न घेता, तुमचे नाव सांगितले तर त्यात गैर काही नाही.

पैशाचा हिशेब मी तुमच्याच आकड्यांवरून मांडते. घरखर्च आणि हप्ता यांतला तुमचा वाटा महिन्याला ४५,००० रुपये धरला, तर वर्षाचे ५,४०,००० रुपये होतात. अर्धवेळ मुन्शी, कायद्याच्या निकालांची ऑनलाइन सदस्यता, छपाई, पेट्रोल, बारची वर्गणी मिळून महिन्याला २०,००० रुपये धरा, म्हणजे आणखी २,४०,००० रुपये. संगणक, स्कॅनर, कपाट आणि टेबल यांसाठी एकदाच ९०,००० रुपये. बेरीज ८,७०,००० रुपये होते. तुमच्याकडे सहा लाख आहेत. उरलेले २,७०,००० रुपये महिन्याला ३०,००० रुपये बाजूला टाकले तर नऊ महिन्यांत उभे राहतात. माझे नऊ महिने येथून आले आहेत. एक वर्ष एक रुपयाही न मिळता निघेल, एवढी तयारी हवी, असे मी म्हणते, याचे कारण नव्या वकिलाला काम उशिरा मिळते असे नव्हे, फी उशिरा मिळते. पहिल्या महिन्यात मसुदा केला, दुसऱ्यात दावा दाखल झाला, आणि पैसे दिवाळीनंतर आले, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि ज्याचा हप्ता थकला आहे त्या वकिलाच्या हातून नको त्या प्रकरणाचे वकीलपत्र घेतले जाते.

करांची बाजू त्या मानाने सोपी आहे. कंपन्या आणि मोठे अशील तुमच्या फीमधून दहा टक्के कर कापून घेतील, तो विवरणपत्र भरताना जमेला धरला जाईल. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरण्याची सोय वकिलांना उपलब्ध आहे. व्यावसायिक संस्थेला दिलेल्या सेवेवरचा जीएसटी रिव्हर्स चार्ज पद्धतीने ती संस्थाच भरते. फर्मची आरोग्य विमा पॉलिसी निघताच संपेल, म्हणून स्वतःची आणि मुलीची पॉलिसी नोटीस देण्याच्या आधी घ्या.

काम कोठून येईल, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, आणि मला वाटते की खरा विचार याचाच करायला हवा. फर्ममध्ये नऊ वर्षे काम आपोआप टेबलावर येत होते. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात उज्जैन, देवास, धार, रतलाम, मंदसौर, झाबुआ, खरगोन, शाजापूर असे जिल्हे येतात. खंडवा मात्र जबलपूरच्या मुख्य पीठाकडे जातो, जरी तेथील माणसांचे बाजारहाटीचे नाते इंदूरशी असले तरी. या सगळ्या जिल्हा न्यायालयांतील वकिलांना आपल्या अपिलांसाठी आणि रिट याचिकांसाठी येथे उभा राहणारा, फोन उचलणारा, तारखेला काय झाले ते त्याच संध्याकाळी कळवणारा वकील हवा असतो. उच्च न्यायालयातील काम बहुधा दुसऱ्या वकिलाच्या हातून येते, थेट अशिलाकडून कमी. आठवड्यातला एक दिवस धार किंवा देवासच्या बार रूमसाठी ठेवा. काही मागायला नव्हे, आपली स्वतःची लहान प्रकरणे चालवायला. पीथमपूर धार जिल्ह्यात येते, त्यामुळे तेथील अनेक वादांसाठी ती वाट तुम्हाला तशीही धरावी लागेल. मुंबई, अहमदाबाद आणि दिल्लीच्या वकिलांनाही येथे स्थानिक सहकारी लागतो. नऊ वर्षांत ज्यांच्याविरुद्ध तुम्ही सभ्यपणे लढलात, तेच पुढे काम पाठवतात. माझ्या पहिल्या दोन वर्षांतील निम्मी प्रकरणे समोरच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांकडून आली होती.

तुमच्या विषयात छोट्या उद्योजकांचे काम मुबलक आहे आणि त्यांच्याकडे मोठ्या फर्म फारसे लक्ष देत नाहीत. सांवेर रोडवरचा एखादा सुटे भाग बनवणारा कारखानदार दोन-दोन वर्षे थकलेल्या बिलांसाठी हेलपाटे घालत असतो, आणि त्याला हे ठाऊक नसते की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याला आव्हान देण्यापूर्वी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. तसेच तीन लाख रुपयांपासूनचे व्यापारी वाद आता वाणिज्य न्यायालय कायद्याखाली येतात आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याच्या आधी मध्यस्थीची पायरी चढणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. ती पायरी चुकली म्हणून परत येणारे दावे मी पाहिले आहेत. या दोन गोष्टींवर तुमची पकड घट्ट असेल तर अशिलाला तुमच्याकडे येण्याचे स्वतःचे असे कारण मिळेल, फर्मच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही. आणि गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी जरूर अर्ज करा. मानधन थोडे असते, पण फर्ममध्ये तुम्ही कदाचित कधीच न केलेली उलटतपासणी तेथे स्वतःच्या जबाबदारीवर करायला मिळते. जिल्हा न्यायालयांत आपले लिखाण हिंदीत असते आणि फर्मच्या सवयीने तुमचा हात इंग्रजीला वळलेला असणार. या नऊ महिन्यांत तो हिंदीलाही बसवा.

सासऱ्यांची खोली घ्या. एम. जी. रोडवर न्यायालयाजवळ भाड्याची जागा घेण्याचा मोह होईल, पण पहिल्या वर्षी अशील जागा पाहत नाही, तुम्ही वेळेवर भेटता का ते पाहतो. खोलीला रस्त्याकडून स्वतंत्र दार असावे, भेटीच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, आणि अशिलाचे बोलणे बैठकीत ऐकू जाणार नाही अशी व्यवस्था असावी. गोपनीयता घरातल्यांपासूनही पाळायची असते, हे सासऱ्यांना आदराने पण आधीच सांगा. पाटी लहान असावी. नियम ३६ प्रमाणे पाटीवर अमुक विषयातील विशेषज्ञ असे लिहिता येत नाही, कोणत्या संस्थेशी संबंध होता तेही लिहिता येत नाही. नाव आणि 'अधिवक्ता' हा शब्द पुरेसा आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे विषय एवढी माहिती देता येते. त्यापलीकडे जाऊ नका. अशिलांच्या प्रशस्तीच्या चित्रफिती आणि गुणांकन देणारी पोर्टले यांच्या नादी तर मुळीच लागू नका. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा पोर्टलांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्याचे निर्देश विधिज्ञ परिषदेला दिले आहेत.

घरातल्या ऑफिसची एक अडचण आपल्या समाजात विशेष जाणवते. इंदुरातील मराठी घरे एकमेकांना ओळखतात. हळदीकुंकवाला गेलात तर कोणी भाडेकरूचा वाद काढील, गणेशोत्सवात कोणी मृत्युपत्राचा कागद पुढे करील, आणि फीचा विषय निघाला की दोन्ही बाजूंना संकोच वाटेल. माझा सल्ला असा की तेथल्या तेथे मत देऊ नका. कागद घेऊन अमुक दिवशी सायंकाळी या, असे सांगा. जे येतील त्यांच्याकडून फी घ्या, ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांची माफ करा, पण ते तुम्ही ठरवून करा, संकोचाने नव्हे. फी किती, कोणत्या टप्प्यावर, न्यायालय शुल्क वेगळे की त्यात, हे प्रत्येक अशिलाला एका पानावर लिहून द्या. वसुलीच्या कामांत "मिळाले तर त्यातून टक्केवारी" असा आग्रह अनेकदा होतो. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे नियम २० ने निषिद्ध आहे, तेव्हा तेथे डगमगू नका. अशिलाने न्यायालय शुल्कासाठी दिलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याचा हिशेब त्याने मागण्याआधी द्या.

एकट्या वकिलाला सर्वांत मोठे भय तारखेचे असते, आणि फर्ममधून निघणाऱ्याला ते उशिरा कळते, कारण तेथे कोणीतरी आठवण करून देत असते. धनादेश वटला नाही हे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर तक्रारीसाठी एक महिना. वाणिज्य दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल झाली नाही तर तो हक्कच संपतो. लवादाच्या निवाड्याला आव्हान तीन महिन्यांत द्यायचे, फार तर आणखी ३० दिवस, त्यापुढे न्यायालयालाही माफ करता येत नाही. प्रकरण हाती घेतले त्याच दिवशी शेवटची तारीख काढा, ती वहीत आणि फोनमध्ये दोन्हीकडे लिहा, आणि तिच्या दहा दिवस आधीची तारीख स्वतःसाठी शेवटची माना. माझ्या स्वतंत्र वकिलीच्या पहिल्याच पावसाळ्यात मला विषमज्वर झाला आणि तीन आठवडे मी अंथरुणावर होते. माझी डायरी कोणालाच वाचता येत नव्हती. दोन सुनावण्यांना कोणी उभे राहिले नाही, एक दावा गैरहजेरीत निकाली निघाला, आणि तो पुन्हा दाखल करून घेण्यासाठी मला चार महिने लागले. त्या अशिलाने मला बोल लावला नाही. त्याचेच मला अधिक वाईट वाटले. म्हणून सांगते, निघण्यापूर्वी एक विश्वासू वकील मैत्रीण किंवा मित्र निवडा, दोघांनी एकमेकांच्या तारखा पाहता येतील अशी सामाईक नोंद ठेवा. या व्यवस्थेला भागीदारीपत्राची गरज नाही, आणि पहिल्या वर्षी ते करूही नका. भागीदाराच्या प्रत्येक कृतीची जबाबदारी दुसऱ्यावरही येते.

आता सर. तुमच्या पत्रातील सर्वांत जड वाक्य तेच आहे, आणि माझ्या आयुष्यातील एक चूक येथे सांगितली तर तुमच्या उपयोगी पडेल. मी माझ्या वरिष्ठांचे चेंबर आठ वर्षांनी सोडले, तेव्हा त्यांना सांगण्याआधी दोन अशिलांना बोलून बसले होते. वाटले, आधी आधार पक्का करावा. तिसऱ्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात त्यांतल्या एकाने वरिष्ठांना सहज विचारले की बाई जाणार तर आमच्या अपिलाचे काय. ते संध्याकाळी मला एवढेच म्हणाले की हे मला तुझ्याकडून कळायला हवे होते. त्यांनी ना हरकत दिली, कोणतीही फाइल अडवली नाही; पण पुढची सहा वर्षे समोरासमोर आलो तरी आमचे बोलणे कामापुरतेच राहिले. आणि ते दोन अशील? एक आलाच नाही. दुसरा आला आणि वर्षभरात आणखी कोणाकडे गेला. तो त्याचा हक्कच होता. त्याच्या भरवशावर मी जे गमावले ते मात्र मला परत मिळवायला फार वेळ लागला.

म्हणून सरांना सर्वांत आधी सांगा, दिरांच्या आणि बार रूममधल्या मैत्रिणींच्याही आधी, आणि राजीनाम्याचा ईमेल पाठवण्यापूर्वी समक्ष भेटून. दिवस असा निवडा की तीन महिन्यांची मुदत उच्च न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीत संपेल. त्या काळात सुनावण्या कमी असतात आणि कामे हातावेगळी करणे कोणालाच जड जात नाही. ते रागावले तर रागावू द्या. थांब, पैसे वाढवतो, असे म्हणाले तर त्याच बैठकीत उत्तर देऊ नका, पण काही महिन्यांपूर्वी घेतलेला निर्णय पैशासाठी होता का, हे स्वतःला विचारा.

त्यांच्याशी बोलताना चालू प्रकरणांचे काय करायचे, ते स्पष्ट ठरवा. ज्या प्रकरणात फर्मच्या वकिलांचे वकीलपत्र दाखल आहे, त्यात अशील तुमच्याकडे आला तरी नियम ३९ प्रमाणे आधीच्या वकिलांची संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागावी लागते. ती संमती फोनवर घेऊ नका, लेखी घ्या. अशिलाकडे फर्मची फी थकली असेल तर आधी ती द्यायला त्याला सांगा. कायद्याने पाहिले तर थकीत फीसाठी फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे ठरवले ते आपल्या मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात. पण तुम्ही त्या निकालाचा आधार घेऊन सरांच्या ऑफिसमधून फाइल मागायला गेलात, असे एकदाही होऊ नये.

आणि तुमच्या लॅपटॉपवरचे मसुदे: तेथेच ठेवा. त्यांत अशिलांच्या गोष्टी आहेत, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे ती गोपनीयता काम संपल्यानंतरही सुटत नाही. एकही दस्तऐवज स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, जुन्या तारखेचा नमुना म्हणूनसुद्धा नाही. नऊ वर्षांत मसुदा कसा करायचा हे तुम्ही शिकलात, ते तुमच्याबरोबर येईलच. फर्ममध्ये असताना ज्याच्या बाजूने तुम्ही सल्ला दिला किंवा कैफियत लिहिली, त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध पुढे कधीही उभे राहता येणार नाही. अशा प्रकरणांची आठवण राहावी म्हणून फक्त पक्षकारांची नावे आणि विषय यांची यादी सरांच्या संमतीने सोबत ठेवा.

भेटीला जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक प्रकरणासाठी एक पान तयार करा: पुढची तारीख कोणती, काय दाखल व्हायचे आहे, कोणता कागद अशिलाकडून येणे बाकी आहे, समोरचे वकील कोण, आणि हे प्रकरण फर्ममधल्या कोणत्या ज्युनिअरला सांभाळता येईल असे तुम्हाला वाटते. तीस-चाळीस पाने होतील, आणि ती लिहायला दोन-तीन रविवार लागतील. ती पूर्ण झाली की मग सरांच्या खोलीत जा.